पहिल्या ओळीतलं नाव

दल-सुकताईला कुणी म्हणालं, "आज पेज काय सुरेख झाली होती," की तिचं उत्तर ठरलेलं, "छे, जरा पातळच झाली." एकवीस वर्षं मी तिच्याशेजारी उभी आहे. पेज एकदाही पातळ झालेली नाही. पण कौतुक स्वीकारायचं म्हटलं की बाईच्या अंगावर काटा येतो.

मी मालजा. कोरियातल्या गुन्सान शहराच्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरणं माझ्याकडे आहे, आणि तोंड चालवणंही माझ्याकडेच आहे, असं सगळे म्हणतात. म्हणोत. दल-सुकताई, आडनावाने मोक, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, चौपन्नची. एका लहानशा बेटावरून एकोणिसाव्या वर्षी या शहरात आली, मासळीच्या कारखान्यात राबली, जहाजं जोडणाऱ्या एका अबोल माणसाशी लग्न केलं, दोन पोरी वाढवल्या आणि तेहतिसाव्या वर्षी इथल्या पेजेच्या कढईपाशी येऊन उभी राहिली. ती अजून तिथेच आहे. पहाटे साडेचारला येते, रबरी बूट चढवते, केसांवर जाळी घालते आणि तांदूळ फुगेपर्यंत कुणाशी बोलत नाही.

ज्यांना गिळता येत नाही त्यांचं जेवण तिच्याकडे असतं. अर्धांगाचा झटका आलेले, घशाचं ऑपरेशन झालेले. त्यांना सगळं वाटून, गाळून, घट्ट करून द्यावं लागतं. मासा, पालक, भोपळा, सगळं एकाच मातकट रंगाचं. त्या वाट्या निम्म्या भरलेल्या परत यायच्या आणि आम्ही त्या निमूटपणे ओतून टाकायचो.

गेल्या हिवाळ्यात सात नंबरच्या खोलीत ब्योन आजोबा आले. जन्मभर बस चालवलेला माणूस. त्यांची वाटी तर चमचाही न बुडवता परत यायची. एक दिवस त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ते काही बोलत नाहीत हो, पण मी किमचीचं नाव काढलं की डोळे उघडतात."

ताईने दुसऱ्याच दिवशी किमची, म्हणजे मीठ-मिरचीत आंबवलेली भाजी, वाटून पेजेत कालवली. भयंकर झाली. मी चाखली आणि म्हटलं, "ताई, हे खाऊन चांगला माणूस आजारी पडेल." पुढचे तीन आठवडे ती आपली खटपट करत राहिली. शेवटी तिला सापडलं ते असं: मुळ्याची पाण्यातली किमची पुरती आंबट होऊ द्यायची, फक्त तिचं पाणी गाळून घ्यायचं, ते घट्ट करून ताटात थापायचं आणि पेजेत न कालवता वेगळं वाढायचं. दोन चमचे पेज, मग एक चमचा आंबट. गिळण्याची तपासणी करणाऱ्या बाईंनी तो चमचा उलटासुलटा करून बघितला आणि चालेल म्हणाल्या. ब्योन आजोबांनी पहिला चमचा तोंडात बराच वेळ घोळवला, मग म्हणाले, "आंबट." महिन्याभरातला त्यांचा पहिला शब्द. त्या दिवशी वाटी रिकामी आली. ताई ती वाटी धुवायलाच देईना, नुसती हातात धरून उभी.

मग तिने चाळीस दिवस तेवीस रुग्णांच्या परत आलेल्या वाट्या तोलल्या. पूर्वी निम्मं अन्न परत यायचं, आता पाचवा हिस्सासुद्धा येईना.

उन्हाळ्याच्या तोंडी आमच्या ग्वाक साहेबांनी फ्रीजच्या दारावर एक कागद चिकटवला. ग्वाक साहेब आमच्या आहार विभागाचे प्रमुख, त्रेचाळीस वर्षांचे, स्वभावाने गाय. कागदावर लिहिलं होतं की देशभरच्या इस्पितळांतल्या आहारवाल्यांची वार्षिक परिषद देजॉनला आहे आणि यंदा पहिल्यांदाच प्रत्यक्ष चुलीपाशी काम करणाऱ्यांनाही बोलायला मिळेल. जागा सहा, प्रत्येकी दहा मिनिटं. अर्ज करा.

"ताई, अर्ज कर," मी म्हटलं.

"वेडी आहेस का? तिथे शिकलेली माणसं येतात. मी काय बोलणार?"

"पेजेवर बोल. जन्मभर दुसरं केलंयस काय?"

ती हसली आणि कांदे उचलून निघून गेली. पण संध्याकाळी फ्रीजवर कागद नव्हता. तो तिच्या एप्रनच्या खिशात होता, चार घड्या घातलेला. बसथांब्यावर ती हळूच म्हणाली, "मालजा, मला सांगायचंय गं. असे आजोबा प्रत्येक इस्पितळात असतील. तिथल्या बायकांना हे माहीत नसेल, त्या अजून कालवतच असतील." एवढ्या वर्षांत "मला" हा शब्द तिच्या तोंडून मी क्वचितच ऐकला होता. मी लगेच घरी जाऊन पोराचा कॉम्प्युटर अडवला.

अर्ज आम्ही दोघींनी मिळून भरला. विषय, पद्धत, निष्कर्ष, सगळं झालं. मग नावांचा रकाना आला, एकाखाली एक चार ओळी. पहिल्या ओळीत ताईने ग्वाक साहेबांचं नाव घालायला सांगितलं, दुसऱ्या ओळीत आहारतज्ज्ञ बाईंचं, तिसऱ्या ओळीत स्वतःचं आणि चौथ्यात माझं. मीही मान डोलावली. त्यात चूक काय? साहेबांनी चमचा उचलल्याशिवाय आम्ही चमचा उचलत नाही, तिथे कागदावर स्वतःचं नाव साहेबांच्या डोक्यावर घालणार कोण? खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की पहिलं नाव बोलणाऱ्याचं समजलं जाईल. बारीक अक्षरं वाचायची तर चष्मा लागतो, आणि चष्मा होता स्वयंपाकघरात.

सप्टेंबरात उत्तर आलं. निवड झाली. वक्ते: ग्वाक साहेब.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. इस्पितळाच्या संचालकांनी साहेबांना बोलावून हात मिळवला, दारावर अभिनंदनाचा फलक लागला. साहेब स्वयंपाकघरात आले, ताईपुढे कमरेत वाकले आणि म्हणाले, "मोकबाई, तुम्ही मला केवढा मान दिलात. मी जीव तोडून तयारी करेन." ताई त्यांच्याहून खाली वाकली आणि म्हणाली, "आपल्यामुळेच झालं सगळं, साहेब."

मी हातातली सुरी खाली ठेवली. नाहीतर काही खरं नव्हतं.

परिषद भरवणाऱ्या संघटनेच्या कचेरीत मीच फोन लावला. नाव बदलता येईल म्हणाले, पण शुक्रवारी पाचच्या आत, नंतर पुस्तिका छापायला जाते. आणि बदलाच्या कागदावर सही हवी, आधीच्या वक्त्याची. म्हणजे साहेबांचं नाव खोडायला साहेबांचीच सही.

"जा आणि माग," मी ताईला सांगितलं.

सोमवारी ती गेली. कागद एप्रनखाली लपवून. ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई, दुसरं काय होणार? वीस मिनिटांनी बाहेर आली तेव्हा साहेबांना परिषदेत कोणता टाय शोभेल यावर तिने सल्ला देऊन ठेवला होता. बुधवारी परत गेली आणि त्यांच्या घशासाठी आल्याचा चहा करून द्यायचं कबूल करून आली.

"आता मीच जाते," मी म्हटलं. "मला लाज नाही आणि माझ्या नोकरीला आणखी सातच वर्षं उरलीत."

"तू जायचं नाहीस." ती एकदम कडक आवाजात म्हणाली. असा आवाज तिने फक्त एकदा काढला होता, कढईला आग लागली तेव्हा. "मागायचं असेल तर मी मागेन. नाही जमलं तर नाही जमलं."

शुक्रवारी दुपारी, जेवणाची भांडी घासून झाल्यावर, साहेबच खाली आले. हातात भाषणाचे कागद होते. "मोकबाई, एकदा ऐकून घ्या. कुठे चुकलं तर सांगा." आम्ही प्लास्टिकच्या उलट्या खोक्यांवर बसलो. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

साहेब वाचायला लागले. उरलेल्या अन्नाचं प्रमाण, आम्लता, घट्टपणाची पातळी. आवाज असा, जणू कुणी जबरदस्तीने पाटी वाचायला लावलीय. मग ते म्हणाले, "एका वृद्ध रुग्णाने सकारात्मक प्रतिसाद दिला."

"आंबट म्हणाले," ताई म्हणाली.

"काय?"

"ब्योन आजोबा. ते 'आंबट' म्हणाले, साहेब. प्रतिसाद नाही दिला."

"हो, हो. तसं लिहितो," साहेब म्हणाले आणि पेन शोधायला लागले.

ताईने एप्रनखालचा कागद काढला. कागदाला भोपळ्याचा डाग लागला होता. ती वाकली नाही. सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "साहेब, तुम्ही लिहू नका. हे मला बोलायचंय. आपलं नाव मी मानानं वर घातलं, बोलायचं मात्र मलाच होतं. चूक माझी आहे. पण मला बोलायचंय."

स्वयंपाकघरातल्या बारा बायका एका क्षणात भांडी पुसायच्या थांबल्या. साहेबांच्या तोंडावरचा रंग गेला. मला वाटलं, झालं, आता ताईची पेजेची कढई गेली.

साहेबांनी एवढा मोठा श्वास सोडला की भाषणाचे कागद मांडीवरून घसरले. "मोकबाई," ते म्हणाले, "अकरा दिवस मी हे आरशासमोर वाचतोय. चार माणसांसमोर उभं राहिलो तरी मी स्वतःचं नाव विसरतो. पण तुम्ही इतक्या मानानं नाव घातलं होतं, मी नाही म्हटलं असतं तर तुमचा अपमान झाला नसता का?"

घ्या. अकरा दिवस दोघं एकमेकांचा मान राखत तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होते. साहेबांनी तांदळाच्या पोत्यावर कागद ठेवून सही केली, जिना चढून स्वतः तो पाठवला आणि पाचला दहा मिनिटं कमी असताना खाली येऊन सांगितलं की पोचला. आल्याचा चहा मग ताईनेच प्यायला.

ऑक्टोबरात आम्ही तिघं बसने देजॉनला गेलो. ताईने मोठ्या मुलीच्या लग्नातलं निळं जाकीट घातलं होतं. सभागृहात चारशे माणसं असतील. तिचा नंबर चौथा.

ती उभी राहिली आणि सुरू झाली, "मी फारशी शिकलेली नाही, माझ्याकडे सांगण्यासारखं विशेष काही नाही, आपला वेळ घेते त्याबद्दल माफ करा..." नमनाला घडाभर तेल. दहातली दोन मिनिटं माफी मागण्यात गेली. मी मागच्या रांगेत दात खात होते. मग पडद्यावर ती मातकट वाटी आली, ताईने त्या वाटीकडे बघितलं आणि ती ब्योन आजोबांचं सांगायला लागली. पुढची आठ मिनिटं तिने एकदाही माफी मागितली नाही. कालवलेली किमची किती भयंकर लागली हे सांगितलं तेव्हा लोक मोठ्याने हसले. 'आंबट' म्हणताना तिने आजोबांसारखंच तोंड केलं आणि पुढच्या रांगेतली एक डॉक्टरीणबाई चष्मा पुसायला लागली. दूरच्या बुसानकडच्या बोलीत कुजबुजणाऱ्या दोन बायका भराभर लिहून घेत होत्या.

घंटा वाजली. व्यासपीठावरच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "छान. वेगळं वाढण्याची ही कल्पना मुळात कुणाची?"

याचं उत्तर मला तोंडपाठ होतं. सगळ्यांनी मिळून, साहेबांच्या मार्गदर्शनाखाली, आमचं काय विशेष. साहेबांनाही ते माहीत असणार, कारण पहिल्या रांगेत ते वाकण्यासाठी अर्धवट उठलेसुद्धा होते.

ताईने त्यांच्याकडे बघितलं. मग माईकजवळ आली.

"माझी," ती म्हणाली. "मला सुचली. वाट्या पण मीच तोलल्या."

साहेब अर्धवट उठले होते ते पुरते उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. मग सगळं सभागृह वाजवायला लागलं. मला मात्र टाळ्या वाजवता आल्या नाहीत. माझे दोन्ही हात डोळे पुसण्यात अडकले होते.