कमलाबाईंचे दोन ब्लड ग्रुप

१८ फेब्रुवारी. सकाळी मशीनला कंट्रोल लावत होते. कंट्रोल म्हणजे ज्याचे आकडे आधीच माहीत आहेत असं बाटलीतलं रक्त. मशीनने तेच आकडे दाखवले, की पेशंटचं काम सुरू करायचं. सरकारी रुग्णालयाच्या लॅबमध्ये मी एकवीस वर्षं हेच करते.

तेवढ्यात धनजचे देविदासभाऊ आत आले. सोबत बायको कमलाबाई आणि मुलगी शीतल. आठवड्यापूर्वी कमलाबाईंचं हिमोग्लोबिन मी ५.८ काढलं होतं. बाईला बाराच्या आसपास हवं. आमचे डॉक्टर म्हणाले होते, आधी रक्त भरू, मग गर्भपिशवीचं ऑपरेशन.

"सोनोग्राफीचा कागद इथंच राह्यला, तो द्या," देविदासभाऊ म्हणाले. "उद्या कारंज्याले खासगीत ऑपरेशन हाय. अन् हा रिपोर्ट पाहा. अकरा पॉइंट चार. तुमची मशीन भंगारात टाका, बाई."

"आठ दिवसांत दुप्पट? काय खाऊ घातलं?"

"काईच नाई. तिथची मशीन चांगली हाय."

माझे कंट्रोलचे आकडे बरोबर आले होते. कमलाबाईंची पापणी खाली ओढून पाहिली. आतून पांढरीफटक. मला संशय आला तो खासगीवाल्यांचा. ऑपरेशन हातचं जाऊ नये म्हणून आकडा फुगवला असणार.

रिपोर्ट खालपर्यंत वाचला. ब्लड ग्रुप बी पॉझिटिव्ह. रजिस्टर काढलं. आमच्याकडे ओ पॉझिटिव्ह. हिमोग्लोबिन फुगवता येईल, पण ग्रुप बदलून कोणाला काय मिळणार? आणि माणसाचा ग्रुप आठ दिवसांत बदलत नाही.

"तिथे सुई कोणाला टोचली?" मी विचारलं.

शीतल भिंतीकडे पाहू लागली. "लॅब वरच्या मजल्यावर होती. आईले जिना चढवत नव्हता. मी चिठ्ठी घेऊन गेली. त्यांनी हात मांगतला, मी देला. मायलेकीचं रक्त एकच तं असते."

"मंग सांगतलं काहून नाई?" देविदासभाऊ.

"तुमीच खालून बोंबलत होते, लवकर ये म्हणून."

पाच पॉइंट आठवर ऑपरेशन म्हणजे बाई टेबलावरच जायची. रिपोर्टवरच्या नंबरवर मी कारंज्याच्या त्या डॉक्टरांना फोन लावला.

"आमची लॅब चुकत नाही, मॅडम."

"चुकली नाही. रक्त मुलीचं आहे."

मग म्हणाले, "उद्याचं कॅन्सल. तुमच्याकडेच रक्त भरून घ्या."

फोन ठेवला. आठ दिवसांपूर्वी मी तरी नाव विचारलं होतं का? आठवेना. चिठ्ठी घेतली होती आणि हात धरला होता. देविदासभाऊंनी माझ्या मशीनवर संशय घेतला, मी त्या दवाखान्यावर. हात कोणाचा, हे दोघांनीही आधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलाबाई आमच्याकडे ॲडमिट झाल्या. रक्ताची पिशवी मागवण्याआधी नवा नमुना लागतो. त्यांनी हात पुढे केला.

"नाव सांगा," मी म्हटलं.

"कालच तं आली होती, बाई. वयखलं नाई का मले?"

"ओळखलं. नाव सांगा."