एक महिना आधी आलेली तिथी

मी माझ्या आईला विसराळू ठरवलं. ती काहीच विसरली नव्हती. चूक माझी होती, आणि ती माझी आहे हे कळल्यावरही मी तीन वर्षं गप्प बसलो. दर डिसेंबरात नवं कॅलेंडर भिंतीवर लावताना हे सगळं आठवतं. आता आठवलं तरी छातीत धडधडत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

वडील रेल्वेत होते. आमचं रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते गेले. तिथी मार्गशीर्ष वद्य पंचमी. ते होते तोवर दर डिसेंबरात पास काढून नागपूरला आत्याकडे जायचे आणि येताना पिशवीभर संत्री आणि पाच-सहा मराठी कॅलेंडरं आणायचे. एक आपल्याला, बाकीची आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या ओळखीच्या मराठी घरांना. मग एकतीस डिसेंबरच्या दुपारी, जेवणं आटोपली की आई जुनं आणि नवं अशी दोन्ही कॅलेंडरं घेऊन ओसरीवर बसायची. जुन्यावरच्या खुणा नव्यावर उतरवायच्या: कोणाची तिथी, कोणाचा वाढदिवस, लोणचं कधी घातलं होतं, कोणत्या नातीचं बारसं राहिलं आहे. ते झालं की जुन्याची पानं स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरली जायची. आमच्या घरी वर्ष असं संपायचं आणि असंच सुरू व्हायचं.

तिला मात्र कॅलेंडर लागायचंच असं नाही. मोतीबिंदूनं डोळे धूसर झाल्यावरही ती बोटांवर तिथ्या मोजायची, गच्चीवरून चंद्र बघायची. पाऱ्यातल्या बायका कुंपणावरून विचारत, "काकू, संकष्टी कधी हो?" आणि हातातलं काम न थांबवता आई सांगे, "परवा. अन् चंद्र उशिरा आहे, दुपारी थोडं खाऊन घेजो."

वडील गेल्यानंतरचं पहिलं वर्षश्राद्ध जुन्या कॅलेंडरावरून नीट झालं. पुढचं कॅलेंडर आणायचं काम माझं होतं. "आणतो," मी म्हणालो होतो. पण राज्य नुकतंच झालं होतं आणि मी सरकारी ऑफिसात. भोपाळहून ट्रकांनी फायलींचे गठ्ठे येत होते, त्यांना ठेवायला कपाटं नव्हती आणि कपाटं आली तर खोल्या नव्हत्या. नागपूरला जाणं राहिलं. एकतीस डिसेंबरला मी कापडाच्या दुकानात मिळालेलं हिंदी कॅलेंडर घेऊन आईसमोर बसलो.

"हे आपलं नाही," ती कागद चाचपून म्हणाली. चकचकीत होता.

"तारखा तर त्याच असतात ना!"

तिनं खुणा सांगितल्या, मी लिहिल्या. मार्गशीर्ष वद्य पंचमी शोधली. डिसेंबरच्या पानावर सापडली, त्याभोवती लाल गोल केला. अख्खं काम पंधरा मिनिटांत उरकलं.

चूक त्या गोलात होती. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगातला पौर्णिमेला. त्यामुळे काळोखाचा पंधरवडा त्यांच्याकडे पुढच्या महिन्याच्या नावावर जातो. आपल्या मार्गशीर्ष वद्य पंचमीला ते पौष म्हणतात. त्यांची मार्गशीर्षातली, म्हणजे अगहनातली, वद्य पंचमी बरोबर एक महिना आधी येते. हे आईला ठाऊक होतं. मला नव्हतं, आणि मी विचारलं नाही.

पुढच्या डिसेंबरात तो लाल गोल आला. आमचे मराठी गुरुजी त्या दिवसांत लेकीकडे अमरावतीला गेले होते, म्हणून चौकातल्या मंदिराच्या पंडितजींना बोलावलं. शेजारच्या काकू पोळ्या लाटायला आल्या होत्या. पान वाढायची वेळ झाली आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"काहून रे, आपले गुरुवार तर अजून लागले नाही. वद्य पंचमी आली कशी?"

गुरुवार म्हणजे मार्गशीर्षातले लक्ष्मीच्या पूजेचे गुरुवार. आमच्याकडे ते माझी बायको करायची, आणि कहाणी आई सांगायची.

"शेजारच्या हिंदीवाल्या दीदींचे याच आठवड्यात सुरू होऊन राहिले," मी म्हणालो.

"त्यांचे आपल्याआधीच लागतात. तू त्यांच्या कॅलेंडरात तर नाही पाहिलं?"

"तिथी तिथीच असते. तिच्यात काय हिंदी अन् काय मराठी?"

"फरक असते बाप्पा."

मी पंडितजींकडे पाहिलं. त्यांनी आपलं पंचांग उघडून दाखवलं, "अगहन बदी पंचमी. आज ही है, माताजी." त्यांच्या परीनं ते खरंच सांगत होते. आई तरी हलेना. मला ऑफिसात तीन वाजता मीटिंग होती. मी आवाज चढवला.

"आई, तुले आता काही आठवत नाही. काहून उगाच घोळ घालतेस?"

पोळ्या लाटणाऱ्या काकूंचं लाटणं थांबलं. आईनं माझ्या दिशेनं पाहिलं, तिला माझा चेहरा स्पष्ट दिसत नव्हता. मग ती म्हणाली, "असंल बाबा," आणि आत गेली. त्या रात्री तिनं चंद्रही बघून घेतला असावा. पण चंद्र दोन्ही महिन्यांत सारखाच असतो. त्यानं माझ्याच बाजूनं साक्ष दिली.

महिन्यानं, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी आत्याचा फोन आला. "आज दादाची तिथी. झालं का रे श्राद्ध?"

माझी नजर भिंतीवरच्या कॅलेंडराकडे गेली. "झालं," मी म्हणालो. ते खोटंही नव्हतं.

"कोणाचा फोन?" आईनं विचारलं.

"आत्याचा. सहज."

तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण ऑफिसात मी लोकांच्या अर्जांतल्या चुका लाल शाईनं दाखवणारा माणूस होतो. काकूंसमोर बोललेलं वाक्य परत घ्यायचं कसं, हेच मला सुचेना. पुढच्या वर्षी तिथी सुधारली तर आई विचारणार, मागच्या साली गुरुवारांच्या आधी काहून होतं? म्हणून मी पुढच्या वर्षीही हिंदी कॅलेंडरच लावलं. गुरुजी परत आले होते, त्यांनी चूक लगेच पकडली असती, म्हणून पंडितजींनाच बोलावलं. आणि खऱ्या तिथीच्या सकाळी मीच आत्याला फोन लावायचो, म्हणजे तिचा आईकडे यायला नको. एक चूक झाकायला मी किती व्यवस्थित काम करत होतो! तेवढं मन लावून एकदा नागपूरला गेलो असतो, तर काही झाकायची वेळच आली नसती.

पण आईचं काय झालं ते मला दिसत होतं. कुंपणावरून कोणी संकष्टी विचारली की ती म्हणायची, "मले नको विचारू बाई. माझं डोकं आता कामाचं नाही राहिलं." हळूहळू बायका विचारेनाशा झाल्या. भाजीत मीठ घातलं की ती सुनेला हाक मारायची, "घातलं ना मी?" घातलेलं असायचं. गुरुवारची कहाणी सांगताना मध्येच थांबून म्हणायची, "पुढं असंच आहे ना?" तसंच असायचं. बायको मला म्हणाली, "आईंना दाखवून आणा कुठं. भलत्याच घाबरतात हो." मी "हं" म्हणालो.

चौथ्या वर्षी दिवाळीनंतर थंडी पडल्यावर तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरवलं. तपासणीच्या वेळी तरुण डॉक्टर बाई एकेक विचारून फॉर्म भरत होत्या. बीपी, शुगर, सगळं झालं.

"और कोई तकलीफ, माताजी?"

आई संकोचली. मग हिंदीत म्हणाली, "याद नहीं रहता, बेटा."

"कब से?"

"मेरे को तो पता नहीं चलता. मेरा लडका बताता है."

डॉक्टर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पेन कागदावर टेकवून त्या वाट बघत होत्या. मी म्हणालो, "नहीं, ऐसा कुछ नहीं है. इनकी याददाश्त बिलकुल ठीक है." आई खुर्चीत वळून माझ्या आवाजाकडे पाहू लागली. तीन वर्षांत मी पहिल्यांदा खरं बोललो होतो, तेही हिंदीत आणि परक्या बाईजवळ.

ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी निघाल्यावरच्या रविवारी मी सकाळच्या गाडीनं नागपूरला गेलो. आत्याला सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. नव्या वर्षाची कॅलेंडरं यायची होती, म्हणून तिनं स्वतःच्या भिंतीवरच्या कॅलेंडराचं डिसेंबरचं पान फाडून दिलं. "ने. मी शेजारणीचं पाहीन. अन् पोट्ट्या, संत्री घेतल्याबिगर जाऊ नको, तुझे बाबा कधी गेले नाही."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात रजा टाकली. सकाळी आई काळा चष्मा लावून ओसरीवर उन्हात बसली होती. तीच म्हणाली, "श्राद्ध आलं असंल ना जवळ? गुरुवार तर लागले नाही अजून. म्हंजे येईलच."

किती बिनतक्रार तिनं माझी चूक पाठ करून घेतली होती! मी ते पान तिच्या हातात दिलं. "तू वाच."

तिनं चष्मा वर सरकवला, पान डोळ्याजवळ घेतलं. त्यावर तेलाचा डाग होता. बोट हळूहळू चौकटींवरून फिरलं आणि शेवटच्या चौकटीवर थांबलं.

"एकतीस तारीख. मार्गशीर्ष वद्य पंचमी." मग तिनं पान उलटून मागची बाजू पाहिली. "हे कोणाचं कॅलेंडर?"

"आत्याचं."

"मग आपण दरसाल महिनाभर आधी काहून केलं?"

मी सांगितलं. लाल गोल, फोन, पंडितजी, सगळं. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "म्हंजे मी म्हणत होती ते बरोबर होतं."

"हो."

"गुरुवार लागले नव्हते."

"नव्हते."

"मी येडी नाही झाली."

"नाही, आई."

तिनं मोठा श्वास सोडला. तो अजून माझ्या कानात आहे. डोक्यावरचा हंडा उतरवताना बाई सोडते तसा.

"आई, रडू नको. डोळ्याले पाणी चालत नाही."

"मी कुठं रडून राहिली? तूच रडून राहिला." आणि ती चक्क हसली. "तीन साल झाले, मीठ टाकलं तरी भेव वाटे मले!"

"बाबांचं श्राद्ध तीनदा चुकवलं मी."

"त्यांचं सोड. रेल्वेचा माणूस. गाडी वेळेच्या आधी आली म्हणून ते कायले रागावतात? उलट हसले असतील." मग तिचा आवाज बदलला. "माझं सांग."

मी पुन्हा पौर्णिमा आणि अमावास्या समजावू लागलो. तिनं हात वर केला.

"ते मले नको शिकवू, तेच मी तुले सांगत होती. तिथी चुकली ते पंचांगात पाहता येते. मले काही आठवत नाही म्हटलं, ते कोणत्या पंचांगात होतं?"

तिनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

"अन् मले एकटीले नको सांगू. ज्यांच्यापुढं म्हटलं त्यांच्यापुढं सांग."

त्या वर्षी एकतीस डिसेंबरला, वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी, गुरुजींनी श्राद्ध केलं. दुपारी पानं उचलल्यावर आई दोन्ही कॅलेंडरं घेऊन ओसरीवर बसली. तोवर नवं मराठी कॅलेंडर आलं होतं. यंदा खुणा तिनंच लिहिल्या. अक्षर मोठं आणि तिरकं आलं, दोन चौकटी ओलांडून गेलं. मी फक्त पान धरून होतो. इतकं हलकं वर्ष मी कधी सरताना पाहिलं नव्हतं.

पण सांगणं राहिलंच होतं. नव्या वर्षाचा पहिला गुरुवार हा मार्गशीर्षातला शेवटचा होता. संध्याकाळी हळदीकुंकवाला पाऱ्यातल्या बायका जमल्या. मी लवकर घरी येऊन दारात उभा राहिलो. आई भिंतीला टेकून कहाणी सांगत होती, कुठंही न अडखळता. कहाणी संपली, तिनं अक्षता टाकल्या आणि माझ्याकडे पाहिलं. चष्म्याशिवाय.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "आज भाऊ इकडं कसे? हळदीकुंकू पाहिजे का तुम्हाले?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो असेन. मग बायकोनं खुणेनं सगळ्यांना गप्प केलं आणि मी बोलायला लागलो. पहिलं वाक्य मी नुसतं पुटपुटलो.

"जोरात सांग," आई म्हणाली, "मागच्या बाईले ऐकू नाही आलं."

मी पुन्हा सांगितलं, "काकू, तीन वर्षांपूर्वी तुम्ही पोळ्या लाटून राहिल्या होत्या. तुमच्यापुढं मी आईले म्हटलं होतं, तुले काही आठवत नाही. तिले सारं आठवत होतं. गुरुवार लागलेच नव्हते, तीच बरोबर होती. चुकलो होतो मी, अन् चुकलो हे महिनाभरात कळलं तरी तिलेच विसराळू राहू दिलं. आई, हे मी सगळ्यांपुढं म्हणून राहिलो. माझं चुकलं. मले माफ कर."