समुद्राची ओटी

आमच्या चिखलीच्या महिला मंडळात सहल ठरवणं सोपं, निघणं अवघड. रत्नागिरीला सगळ्या शाखांचा दोन दिवसांचा मेळावा होता. गाडी सुटण्याआधीच तिघींनी घरी फोन करून गॅस बंद आहे ना, हे विचारून घेतलं. मागच्या सीटवर कमलकाकू पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पिशवीत नारळ, हिरवा खण, गहू आणि हळकुंड. त्यांचा धाकटा मुलगा विकास नुकताच मालवाहू जहाजावर नोकरीला लागला होता. ज्या घरात विहीर, तळं आणि नदी यापलीकडे कुणी पाणी पाहिलं नाही, त्या घरातला मुलगा महिनोन् महिने समुद्रावर. काकूंना मेळाव्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्या समुद्राची ओटी भरायला निघाल्या होत्या आणि तसं त्यांनी सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

आंबा घाट उतरलो तशी हवा चिकट झाली. सगळीकडे कौलारू घरं आणि माड. मेळाव्यात भाषणं लांबली, पण घावन (तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी) मऊसूत होते. आमच्या अध्यक्षबाईंनी घरचा ठेचा शेजारच्या शाखेला आग्रहाने वाढला आणि त्या बिचाऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी काढलं.

दुपारी ब्रह्मदेशच्या राजाचा राजवाडा पाहिला. इंग्रजांनी त्याला समुद्रापलीकडून इथे आणून ठेवलं, तो पुन्हा मायदेशी गेलाच नाही, असं कळल्यावर काकू पिशवी घेऊन बाहेर जाऊन बसल्या. आम्ही तिथे फोटो काढले, त्या फोटोतही आल्या नाहीत.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. आम्ही पैनगंगेची ओटी भरतो, तशीच काकूंनी समुद्राची भरली. नदीत सोडलं की पाणी घेऊन जातं, आपण हात जोडून मागे वळायचं. काकूंनी हळदकुंकू वाहिलं, खण आणि नारळ सोडला, डोळे मिटले. उघडले तर नारळ पायाशी. पुन्हा सोडला, पुन्हा परत. शेवटी अध्यक्षबाईंनी पदर खोचून लांब फेकला. खण कुठे गेला कळलं नाही, नारळ मात्र लोळत लोळत आला. मागून कुणीतरी पुटपुटलं, समुद्र घेत नाही बाई. मला त्या पुटपुटणारीचा मनस्वी राग आला.

काकूंनी वाकून नारळ उचलला. "काऊन घेत नाही हा माही ओटी? माहं काय चुकलं व?"

जवळच एक कोळीण सुकवलेली मासळी टोपलीत भरत होती. तिने हसत सांगितलं की भरती लागली आहे, आता टाकाल ते परतच येणार. सकाळी ओहोटीला या, पार आत ओढून नेईल. आमचा जीव भांड्यात पडला. अध्यक्षबाईंनी लगेच सकाळचा कार्यक्रम बदलला.

काकू मात्र नारळ हातात घेऊन उभ्याच होत्या. "म्हंजे आता दिलेलं हा परत आणून देते न?" त्यांनी कोळिणीला विचारलं. ती हो म्हणाली.

"मंग सकाळी नाही यायचं. ओढून नेणाऱ्या पाण्याले मी काऊन देऊ? मले परत आणणारंच पाह्यजे."

वाहिलेली ओटी घरी नेत नाहीत, असं दोघी-तिघींनी समजावलं. काकूंनी नारळ पदराने पुसला आणि पिशवीत ठेवला.

परतीच्या वाटेवर तो नारळ त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नाही. चिखलीत काकूंची सूनबाई घ्यायला आली होती. आज फोडून प्रसाद करू का, असं तिने विचारलं. विकास आला की फोडायचा, असं काकूंनी सांगितलं आणि पिशवी तिच्या हातात दिली, तीही जपून.

आम्ही सगळ्या जणी समुद्र पाहून आलो असं सांगतो. काकू सांगतात, मी बोलणी करून आले. मला त्यावर हसू येत नाही. त्यांच्याकडे गेलं की माझी नजर आधी देव्हाऱ्याकडे जाते. नारळ अजून तिथेच आहे.