काचेच्या इमारतीचा दर आणि आमचे गाळे

मरोळच्या औद्योगिक वसाहतीतले आम्ही गाळेवाले शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चहाला जमतो. प्रॉपर्टी टॅक्सशी भांडायला लागल्यापासून फाइल जाड झाली, पण किस्से तिच्या दुप्पट. फाइल मी सांभाळते आणि किस्सेही मीच.

माझा गाळा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. शिक्षण चौथी, टॅक्सचे नियम नोटिसा वाचवाचून शिकले. शेजारी काचेची ऑफिस-इमारत उभी राहिली आणि तिच्या बाजारभावावरून आमच्या गाळ्यांचं टॅक्ससाठीचं मूल्य ठरलं. या वाढीला मर्यादा घाला, एवढीच आमची हरकत. मूल्य तसंच राहिलं तर मला गाळा विकून घरी बसावं लागेल. आणि घरी बसणं मला जमत नाही.

*

ती इमारत आहे तरी कशी, ते बघायला आम्ही तिघं गेलो. मी, लेथवाला रॉकी आणि मालवणचे परब. वॉचमनने अडवलं.

मी म्हटलं, "आमच्या गाळ्याला तुमच्या इमारतीचा दर लावलाय. तो बघायला आलोय."

"काकी, डिलिव्हरीचं गेट मागे आहे."

*

हरकत घेतल्यावर पालिकेचे साहेब पाहणीला येणार होते. रॉकी मरोळ गावठाणातला, पाहुणा म्हटला की त्याला राहवत नाही. गाळ्याला रंग, दाराला तोरण, साहेबांना केक. साहेबांनी लिहिलं : 'उत्तम स्थितीतील शोरूम.'

"अरे, तुला कोणी सांगितलं होतं?" मी विचारलं.

"काकी, घरी आलेल्या माणसाला काय कचरा दाखवू?"

*

परबांनी यातून धडा घेतला. धंदा बसलाय असं दिसावं म्हणून सगळ्या मशिनी बाहेर काढल्या, ताडपत्रीखाली झाकल्या. साहेबांची मोजपट्टी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत विनाअडथळा गेली. शेरा पडला : 'प्रशस्त.'

"माका काय म्हायत, मशिनी काढल्यावर गाळो मोठो दिसतलो?" परब आठवडाभर हेच बोलत होते.

*

मग माझी सुनावणी. तिथला साहेब माझ्या नातवाच्या वयाचा.

"आजी, वकील कुठे आहे?"

"तुमच्यासमोर बसलाय."

त्याने कागद पुढे केला. "हा बाजारभाव आहे. गाळा विकायला काढलात तर एवढे सहज मिळतील."

मी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "मग घ्या तुम्हीच. याच भावात. आत्ता."

तो हसला. किल्ली हातात घेऊन उलटसुलट केली.

"छप्पर गळतं का हो?"

"गळतं."

"टेम्पो दारापर्यंत येतो?"

"नाही. कोपऱ्यावरून माल डोक्यावर आणायचा."

"मग एवढे कोण देणार, आजी?"

मी पेन त्याच्यापुढे सरकवलं. "हेच लिहा."