न केलेली सही

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या खोलीतलं कपाट आवरताना जुन्या बाटलीतून नासक्या सफरचंदासारखा उग्र वास आला, आणि मी मनाने पुन्हा कित्येक वर्षांपूर्वीच्या ऑपरेशन थिएटरच्या दारात उभी राहिले, गाठी तपासणारी पॅथॉलॉजिस्ट म्हणून.

यशवंतपूरच्या बाजारात पोती वाहणाऱ्या रामण्णाच्या मांडीत गाठ होती. साध्या मायक्रोस्कोपखाली ती कॅन्सरसारखी दिसत होती. "पाय कापायचाय, रिपोर्टवर सही करा," सर्जन ओरडले.

"नाही करणार. गाठीचा ताजा तुकडा फॉर्मलिनमध्ये नको, माझ्या या बाटलीत टाका; इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघते."

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या हिरव्या पडद्यावर पेशींचे लांब, पातळ हात दिसले, आणि प्रत्येकाभोवती अखंड पापुद्रा. मज्जातंतूच्या आवरणाची साधी गाठ, कॅन्सर नव्हे! रामण्णा स्वतःच्या पायांनी चालत घरी गेला.

आज नवे डायरेक्टर म्हणाले, "मॅडम, हे मशीन भंगारात काढायचंय. सही करा."

म्हटलं, "रामण्णाला विचारून सांगते."