बारशाला बॉम्बचं नाव

माझ्या सासरी, साताऱ्याकडच्या गावात, लढाईवरून पोरांची नावं ठेवायची रीत होती. घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नसे. चौऱ्याहत्तर साली राजस्थानच्या वाळवंटात अणुबॉम्बची चाचणी झाली, तेव्हा माझ्या मुलाचं बारसं तोंडावर आलं होतं. सासरे निवृत्त सुभेदार. त्यांनी चावडीवर पेढे वाटले आणि नातवाचं नाव बॉम्बवरून ठेवायचं, असं जाहीर करून टाकलं.

मला शिसारी आली. सांगलीला कॉलेजात विज्ञान शिकताना या बॉम्बची राख काय करते ते मी वाचलं होतं. लढाईत असे शेकड्यांनी पडले, तर राख वाऱ्यावर मुलूख ओलांडते, पावसाबरोबर गवतावर उतरते, गवतातून म्हशीच्या दुधात आणि दुधातून लेकरांच्या हाडांत जाते. धीर करून मी हे सासऱ्यांना सांगितलं. उसाचं पाचट जाळून त्यांची हयात गेलेली. ते हसले.

"राख पडली तर रानाला चांगलीच की. ऊस लय जोमात यील," म्हणाले.

ओसरीवर पेढे खायला जमलेली माणसंही हसली. शिकली तरी सुनेची अक्कल चुलीपुरती, असंच सगळे धरून चालले होते. नवरा बापाच्या शब्दाबाहेर नव्हता.

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. माझी नणंद बारशाच्या आदल्या दिवशी तिच्या सासरहून आली. बाळाला न्हाऊ घालताना मी तिला सगळं सांगितलं, रडलेसुद्धा. दुधाचं काय होतं, तेवढं तिने पुन्हा एकदा विचारलं.

बारशाला बायका जमल्या. नणंद पाळण्यावर वाकली, कानात कुर्र केलं आणि साधं देवाचं नाव घेतलं. रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे बसले. ठरलेलं नाव का घेतलं नाही, म्हणून सासरे उंबऱ्यातूनच गरजले.

ती सावकाश वळली. "आवं आबा, ज्यानं दूध नासतंय, त्याचं नाव दुधावरच्या पोराला कसं ठेवू?"

आत्यानं ठेवलेलं नाव मोडत नाहीत. सासऱ्यांनी ते मोडलं नाही, पण कधी घेतलंही नाही. मरेपर्यंत ते नातवाला 'ए पोरा' एवढीच हाक मारत राहिले. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.