एकदाच चाललेली कॅसेट

कॅसेट हातात आली की रशीदभाऊ ती आधी नाकाशी धरत. मग झाकण उचलून आतली काळी फीत उजेडात पाहत आणि सांगत, "बुरशी लागली हाय. पर घाबरू नोका, मानूस दिसन."

ब्रह्मपुरीत बसस्थानकामागे त्यांचं दुकान होतं. एके काळी खांद्यावर कॅमेरा घेऊन त्यांनी अर्ध्या तालुक्यातल्या लग्नांचं शूटिंग केलं. हाताहातात मोबाईल आले आणि ते काम संपलं. मग जुना व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडून ते लोकांच्या कॅसेटींच्या डीव्हीडी करून देऊ लागले. कॅसेट चालू असताना जागेवरून उठायचं नाही, हा त्यांचा नेम. तीन तासांची असली तर तीन तास बसून पाहायचे. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "लोकायच्या घरची मानसं हायेत यात, बाई. त्याहिले एकटं सोडून कुठी जाऊ?"

माझ्या लग्नाचं शूटिंग त्यांचंच. माझा भाऊ दिलीप त्या कॅसेटमध्ये होता. पुढे तो वनरक्षक म्हणून भामरागडला गेला आणि दुसऱ्याच पावसाळ्यात, रस्ते बंद असताना, मेंदूच्या मलेरियाने वारला. त्याचा चालता-बोलता चेहरा तेवढ्याच कॅसेटमध्ये उरला होता. आईने ती कधी लावू दिली नाही. अठ्ठ्याहत्तरावं लागलं तेव्हा मात्र स्वतःच म्हणाली, "आता दाखव मले."

फीत पाहून रशीदभाऊ गंभीर झाले. "एकदा चालन. दुसऱ्यांदा चालन याचा भरोसा नाई. आईले इथीच बसवा."

आई टीव्हीसमोर बसली. मी कॉम्प्युटरकडे पाहत होते, कारण मला सगळं जपून ठेवायचं होतं. दीड तासाने त्याच्या पडद्यावरचा रेकॉर्डिंगचा आकडा थांबला. कॉम्प्युटर अडकला होता आणि टीव्हीवर कॅसेट पुढे चालली होती. "रशीदभाऊ, थांबवा, थांबवा," मी म्हणत राहिले. त्यांचा हात व्हीसीआरच्या बटणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मी कॉम्प्युटरची बटणं दाबत बसले. तो पुन्हा सुरू झाला तोवर बरीच मिनिटं निघून गेली होती आणि त्याच मिनिटांत दिलीप होता. शेवटी रशीदभाऊंनी जपून फीत मागे घ्यायला लावली, तर ती तुटली.

मी त्यांना नको ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. "आई पाहून राह्यली होती, बाई. माह्या हातानं बंद नाई झालं," एवढंच म्हणाले. घरी येताना आई मला म्हणाली, "त्याले रागावू नोको. मी पाहलं ना डोळे भरून." पण मी त्यांच्या दुकानासमोरून जाणं सोडलं. दोन वर्षांनी आई गेली. रशीदभाऊ मयतीला आले, मागेच उभे राहिले आणि तसेच परत गेले.

एका दुपारी मी आईच्या आठवणीने ती डीव्हीडी लावली. दिलीपच्या जागी नुसता निळा पडदा होता. तेव्हा लक्षात आलं, ती मिनिटं पाहिलेली माणसं दोनच होती आणि त्यातलं एक आता नव्हतं.

मी रशीदभाऊंच्या घरी गेले. ते खाटेवर पडून होते, फुप्फुसाचा आजार बळावला होता. भाभींनी त्यांना उशीला टेकवून बसवलं. मी आधी माफी मागितली. मग विचारलं, "दिलीप काय करत होता त्यात?"

ते दम घेत घेत सांगू लागले. "पंगती उठल्या होत्या. दिलीपभाऊ पत्रावळ्या उचलून राह्यले होते. शर्टावर वरणाचा डाग. मी कॅमेरा त्याहिच्याकडे फिरवला, तं लाजले." मग त्यांनी दिलीपचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "मले काऊन घेऊन राह्यले, रशीदभाऊ? ताईले घ्या. ते उद्या जाते. मी तं इथीच आहो."

त्यानंतर पंधरा दिवसांनी रशीदभाऊ गेले.